चिंतामणरावांनी केलेले ब्रेक

देवासच्या कारखान्यांमागे जी कॉलनी आहे, तिथे एके काळी कुणाचा मिक्सर बंद पडला, पंप पाणी ओढेना, इस्त्रीचा झटका बसायला लागला, की घरातली बाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायची नाही. सरळ म्हणायची, "खटावकरांकडे देऊन या." आणि चिंतामणराव खटावकर ड्यूटीवरून आले, की चहाच्या आधी ती वस्तू उघडून बसायचे. चहा गार व्हायचा. प्रमोदिनीबाई तो पुन्हा तापवायच्या आणि पुटपुटायच्या, "लोकांचे मिक्सर फिरतात, आमच्या घरचा पंखा आठ दिवस गप्प आहे." तो पंखाही मग लागायचा, पण बाहेरची कामं संपल्यावर.

माणूस सातारा जिल्ह्यातला. वडील लहानपणीच गेलेले, मामाच्या घरी भाकरी मोडून शिकलेला. आयटीआय झाला आणि देवासात कारखाने उभे राहत होते त्या दिवसांत वळकटी घेऊन इकडे आला. कारखान्यात मोठमोठ्या हायड्रॉलिक प्रेस होत्या, जाड पत्रा पापडासारखा वाकवणाऱ्या. त्यांची देखभाल चिंतामणरावांकडे. प्रेस कण्हली, तरी नुसत्या आवाजावरून कुठलं सील गेलंय ते सांगायचे. खोटं कशाला बोला, हात होताच त्यांचा. पण हाताबरोबर एक खोडही होती. परक्या माणसानं केलेलं काम त्यांना उष्ट्या ताटासारखं वाटायचं. "मेकॅनिक काय करतो? पुढचं खोलतो, मागचं विसरतो आणि वर आपल्यालाच अक्कल शिकवतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नव्वद सालच्या आसपास त्यांनी स्कूटर घेतली. दर रविवारी अंगणात पोतं अंथरून ती उघडायची. ब्रेकचे लाइनर काचपेपरनं घासायचे, तार ताणायची, नट आवळायचा, झालं. बारा-तेरा वर्षं ती स्कूटर कुठल्याही गॅरेजचा उंबरा चढली नाही, आणि एकदाही दगा दिला नाही. इथेच सगळं बिनसलं म्हणायचं. स्कूटरचं एक बरं असतं हो, चूक झाली तर ती लगेच बोलते. तार ढिली राहिली तर गल्लीच्या तोंडाशीच कळतं. चिंतामणरावांना वाटलं, सगळ्याच गाड्या अशा बोलक्या असतात.

दोन हजार तीन साली कार आली. छोटी, पांढरी. शेजारच्या बळवंतरावांनी वर्षभर आधी कार घेतली होती. पण ते पडले बँकेतले. गाडीला नुसती धूळ लागली तरी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यायचे. चिंतामणराव त्यांची भरपूर फिरकी घेत. "बळवंतराव, गाडीला सर्दी झाली असेल, वाफारा द्यायला नेताय का?" बळवंतराव हसायचे आणि आपल्या अर्ध्या हिंदी, अर्ध्या मराठीत म्हणायचे, "भिया, आजकाल की गाडी है. एक चीज को हात लावला की चार बिघडतात. ब्रेक वगैरे तरी वर्कशॉप में दाखवत जा ना यार."

"ब्रेक? अहो, मी दोनशे टनांची प्रेस थांबवतो रोज. ही चिमुकली गाडी काय घेऊन बसलात!"

आता ही गोष्ट समजून घ्यायची तर धारचं घर माहीत असायला हवं. प्रमोदिनीबाईंचं माहेर धारला. जुनं, संस्थानच्या काळापासूनचं मराठी घराणं. तिथं अजून पाट मांडून, रांगोळी काढून जेवायला वाढत. प्रमोदिनीबाईंचे वडील, ज्यांना सगळं गाव दादा म्हणायचं, गंधवानीच्या शाळेत हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. ऐंशी ओलांडली होती, तरी आवाज खणखणीत. बाप न पाहिलेल्या चिंतामणरावांना त्या घरानं काय दिलं, हे तेच जाणत. "चिंतामणराव, इकडे या, माझ्याजवळ बसा," एवढं दादांनी म्हटलं की हा दाढीमिशीचा माणूस लहान पोरासारखा खुलायचा. दादा चारचौघांत सांगायचे, "आमचे जावई म्हणजे हाताला यश. लोखंड बोलतं त्यांच्याशी."

आणि त्याच तोंडानं धाकट्या श्रीपादाबद्दल मात्र म्हणायचे, "हा आमचा. शब्दांचा शूर. खिळा ठोकायला सांगितला तर बोटावर ठोकेल."

श्रीपाद हा प्रमोदिनीबाईंचा धाकटा भाऊ. धारलाच शाळेत संस्कृत शिकवायचा, सकाळ-संध्याकाळ घरच्या देवळातली पूजा करायचा. लग्न केलं नव्हतं. स्वभावानं इतका गरीब, की कुणी पायावर पाय दिला तर हाच 'चुकलं' म्हणेल. चाळिशीत त्यानं चिंतामणरावांकडूनच गाडी चालवणं शिकून घेतलं होतं, कारण दादांना आता बस झेपत नव्हती. चालवायचा अगदी बेतानं. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून वैतागायचे, पण हा आपला वेग सोडायचा नाही. वडिलांनी एकदा तरी "श्रीपादा, बरं जमलं हो तुला" म्हणावं, ही त्या माणसाची आयुष्यभराची भूक होती. ती लपतही नव्हती.

दोन हजार चारचा दसरा. खंडेनवमीला धारच्या घरी हत्यारांची आणि वाहनांची पूजा असे, आणि गेली कित्येक वर्षं तिचा मान चिंतामणरावांच्या पान्यांना. त्याआधी गाडीचं सगळं काम स्वतःच्या हातानं करून, ती धुऊनपुसून पूजेला न्यायची, हा त्यांचा नेम. म्हणून नवरात्रातल्या रविवारी त्यांनी अंगणात पोतं अंथरलं. पुढचे ब्रेक पॅड नवे घातले, मागचे लाइनर बदलले, आणि मग नळ्यांमधली हवा काढायला बसले.

ह्या कामाला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी नट सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर काढायची. आत प्रमोदिनीबाई. उपास होता, देवापुढे दिवा लावून तशाच येऊन बसल्या होत्या.

"दाब... दाब... दाबून धर. हं, सोड. पुन्हा."

तीन चाकं झाली आणि ब्रेक ऑइलची बाटली संपली. चौथं चाक राहिलेलं, बॉनेटखालची ब्रेकच्या तेलाची डबी तळाला गेलेली. स्पेअर पार्टचं दुकान रविवारी बंद. दुसरा कुणी असता तर काम झाकून ठेवलं असतं आणि सोमवारी बाटली आणली असती. पण अर्धवट काम टाकून जेवायला बसणं चिंतामणरावांच्या रक्तात नव्हतं. कोपऱ्यात त्यांचा डबा होता, कारखान्यातल्या प्रेसच्या तेलाचा. उत्तम प्रतीचं, मधासारखं पिवळं, स्वच्छ. चिंतामणरावांनी डबा उचलला.

डबीच्या झाकणावर इंग्रजीत छापलेलं होतं, अमुकच तेल घाला, दुसरं घालू नका. ते त्यांनी वाचलं नव्हतं असं नाही. शंभरदा वाचलं होतं. त्यांच्या मते ते कंपनीचे चोचले, स्वतःची बाटली खपवायचे. दाबानं काम करणारं तेल ते दाबानं काम करणारं तेल. प्रेस काय आणि ब्रेक काय, आत तेच, नळी, दट्ट्या आणि रबराचं सील. हे कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसालाच सुचू शकतं. बळवंतरावांना सात जन्मांत सुचलं नसतं, कारण त्यांना काहीच येत नव्हतं.

"अहो, ह्याचा रंग वेगळा दिसतो," प्रमोदिनीबाई काचेतून वाकून म्हणाल्या.

"तू पाय दाब. रंग मी बघतो."

चिंतामणरावांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती. प्रेसमधलं रबर वेगळं आणि गाडीच्या ब्रेकमधलं रबर वेगळं. जे तेल प्रेसच्या सीलला दूध-तूप, तेच ब्रेकच्या सीलला विष. पण विषही असं, की लगेच बाधत नाही. रबर ते तेल हळूहळू पितं, फुगतं, मऊ पडतं. पहिले काही दिवस पॅडल असं कडक लागतं, की माणसाला वाटावं, वा, काय हात आहे आपला! त्या दिवशी चक्कर मारून आल्यावर चिंतामणराव म्हणालेही, "बळवंतरावांना बसवून दाखवायला पाहिजे."

अष्टमीला दोघं गाडी घेऊन धारला गेली. नवमीला पूजा झाली. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. गेल्या वर्षी दादांनी काठी उंचावून "हं" म्हटलं आणि चिंतामणरावांनी एका हातानं गाडी ढकलली होती. लिंबं चिरडली की पूजा संपली. ह्या वर्षी गाडी एका हाताला हलली नाही. खांदा लावावा लागला, श्रीपादही पुढे आला, तेव्हा कुठे ती सरकली. 'पॅड नवे आहेत, बसतील,' असं म्हणून चिंतामणरावांनी हात झटकले. चाकांचे ब्रेक सुटत नव्हते हो, आतलं रबर फुगायला लागलं होतं. गाडी तिला जमेल तेवढं सांगत होती. ऐकणारा तिथेच, आणि त्याला कौतुकातून सवड नव्हती.

दसऱ्याला सोनं वाटून झालं. दादांच्या मनात होतं, गंधवानीला जाऊन हंबीररावांना सोनं द्यायचं. हंबीरराव त्यांच्या शाळेतले जुने सहकारी, अंथरुणाला खिळलेले. पुढच्या दसऱ्याला दोघांतलं कोण असेल, कोण नसेल. चिंतामणरावांना ड्यूटी होती. ते म्हणाले, "गाडी इथेच ठेवतो, आम्ही बसनं जातो. श्रीपाद नेईल तुम्हाला. परत न्यायला आम्ही कोजागिरीला येऊच."

"घाट आहे," श्रीपाद चाचरत म्हणाला.

"अरे, ब्रेक मी स्वतः केलेत. डोळे झाकून उतर."

मधल्या दिवसांत श्रीपादाचा देवासला फोन आला. गाडी जरा बाजारापर्यंत नेऊन पाहिली होती त्यानं, सवयीसाठी. "भाऊजी, चाकातून जळका वास येतोय. आणि हात लावला तर चाक चांगलंच तापलेलं लागतं. एकदा इथल्या गॅरेजवाल्याला दाखवू का?"

इथे एक 'हो' म्हटलं असतं तर! एवढंसं 'हो', त्याला ना खर्च ना कष्ट. पण गॅरेजवाला म्हटल्याबरोबर चिंतामणरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपलं काम दुसरा कुणी उघडून बघणार? "काही दाखवू नकोस. नव्या पॅडचा वास असतो. घासले की जातो. उगाच हात लावू देऊ नकोस कुणाला."

"बरं," श्रीपाद म्हणाला. त्याचा मेहुण्यावर देवासारखा विश्वास.

गंधवानीच्या वाटेवर घाट उतरताना पॅडल आधी दगडासारखं झालं, मग एकाएकी पायाखालून गेलं, तळाला. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, काही नाही. एका हाताला दरी, दुसऱ्या हाताला डोंगर. श्रीपादानं गियर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि वळण यायच्या आत गाडी डोंगराकडच्या नालीत घातली. शब्दांचा शूर म्हणून ज्याची थट्टा व्हायची, त्यानं त्या चार श्वासांत जे जे करण्यासारखं होतं, ते ते सगळं केलं. म्हणून दोघं जिवंत राहिले. पण गाडी कलंडली आणि दादांचा खुबा मोडला. श्रीपादाचं मनगट गेलं. दादांच्या उपरण्यात बांधलेली आपट्याची पानं नालीत विखुरली.

चिंतामणराव आणि प्रमोदिनीबाई धारच्या इस्पितळात पोचली तेव्हा दादा खाटेवर डोळे मिटून होते. भोवती नातलग. श्रीपाद भिंतीला टेकून उभा, हात गळ्यात बांधलेला. कुणीतरी म्हणालं, "ब्रेकच लागले नाहीत म्हणतो हा."

सगळ्यांनी चिंतामणरावांकडे पाहिलं. ब्रेक कुणी केले होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. चिंतामणरावांनी श्रीपादाकडे बोट केलं.

"लागत नाहीत म्हणजे? आठ दिवसांपूर्वी मी स्वतः केलेत. उतारावर न्यूट्रल केली असेल. नवशिके करतात तसं. आणि सारा घाट ब्रेकवर पाय ठेवून बसला असेल. मग काय होणार?"

"नाही, भाऊजी," श्रीपाद म्हणाला. एवढंच. फोनचं नाव त्यानं काढलं नाही. भरल्या खोलीत मेहुण्याला खोटं पाडणं त्याच्यानं झालं नाही.

दादांनी डोळे उघडले. "श्रीपादा," ते म्हणाले, "बाहेर जा."

तो गेला.

गाडी क्रेननं उचलून, ट्रकवर घालून चिंतामणरावांनी देवासला आणली. दुसऱ्या कुणाकडे द्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी दार उघडलं तर हँडब्रेक पुरता वर ओढलेला, आणि गियर दुसऱ्यात अडकलेला. न्यूट्रल नव्हे. त्यांनी गियर हलवून पाहिला, हलेना. मग बॉनेट उघडून तेलाच्या डबीचं झाकण काढलं. झाकणाखालचं रबर पुरीसारखं टम्म फुगलं होतं, पुन्हा झाकणात बसेना. त्यांनी पुढचं सगळं उघडलं. जिथून तेल चारी चाकांकडे ढकललं जातं, तिथली रबरं बोटांनी दाबली तर गुळाच्या पाकासारखी चिकट. आयुष्यभर सीलं पाहिलेला माणूस. दुसऱ्या कुणी सांगायची गरजच पडली नाही. ते पोत्यावर बसले.

"काय निघालं?" प्रमोदिनीबाईंनी दारातून विचारलं.

"काही नाही. धडकेनं नळी फुटली," चिंतामणराव म्हणाले आणि रबरं चिंधीत गुंडाळली.

बाईंनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? त्यांना वाटलं, भावानंच घात केला.

आठवडाभर चिंतामणराव जेवले नाहीत धड. मग मनाशी ठरवलं, भाऊबीजेला धारला जाऊ तेव्हा दादांच्या पायांवर डोकं ठेवून सांगायचं. बसमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली. 'दादा, चूक माझी. श्रीपादाची नाही.' दोन वाक्यं, किती सोपी!

घरी दादांची खाट पुढच्या खोलीत मांडली होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, ह्या वयात आता उभं राहणं नाही. श्रीपाद शाळेतून रजा घेऊन त्यांचं सगळं करत होता. अंग पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं, एका हाताला प्लॅस्टर असताना. आणि दादा त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हते. पाणी हवं असलं, आणि समोर तोच उभा असला, तरी छताकडे बघून म्हणायचे, "कुणीतरी पाणी द्या." तो द्यायचा. ते प्यायचे, आणि तोंड भिंतीकडे फिरवायचे.

प्रमोदिनीबाईंनी भावाला ओवाळलं. रीत म्हणून ओवाळलं. निरांजन भरभर फिरवलं, कुंकू लावलं आणि त्याच्याकडे न बघता ताट आत नेलं. श्रीपाद पाटावर तसाच बसून राहिला, कपाळावरचं कुंकू नाकावर ओघळलेलं. चिंतामणरावांना ते बघवेना. ते तडक दादांच्या खाटेशी गेले.

"दादा, त्या ब्रेकचं मला..."

"नका बोलू," दादांनी त्यांचा हात धरला. पूर्वी लोखंडासारखा असलेला दादांचा हात आता कापसासारखा झाला होता. "तुम्ही असतात ना घाटात, तर ही वेळ आली नसती. माझं नशीब, चिंतामणराव. पोटचा असून उपयोग नाही, आणि उपयोगाचा तो दुसऱ्याच्या पोटचा." आणि दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

अरे, हीच वेळ होती ना बोलायची! तो हात झिडकारून सांगायला हवं होतं. पण जन्मभर ज्या शब्दांना भुकेला, तेच शब्द कानावर पडले, आणि माणूस मूग गिळून बसला. मनाची समजूतही घातली त्यांनी, की आजारी माणसाला धक्का कशाला, जरा बरे झाले की सांगू. बरे व्हायचे नव्हते, हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी स्वतः ऐकलं होतं.

मग हे असंच चाललं. महिन्यातून दोनदा धारला जायचं, मोसंबी न्यायची, खाटेशी बसायचं. दादा आल्यागेल्याला जावयाचं कौतुक ऐकवायचे, आणि पडद्याआड श्रीपाद डाळ घोटत असायचा. घोटणं क्षणभर थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. चिंतामणरावांना तो आवाज ऐकून वाटायचं, उठावं आणि आत जावं. मोसंबी सोलायला घ्यायचे. कॉलनीत आता कुणी मिक्सर आणला तर म्हणायचे, "बाजारात दाखवा." बळवंतरावांनी एकदा विचारलं, "भिया, तबियत ठीक आहे ना?" चिंतामणरावांनी नुसती मान हलवली.

एकदा, संक्रांतीच्या सुमाराला, ते बोलायच्या अगदी काठावर आले होते. श्रीपाद दादांना भरवत होता. दादांनी घास घेतला, गिळला, आणि प्रमोदिनीबाईंना म्हणाले, "प्रमोदिनी, ह्याला सांग, मीठ जास्त पडलंय." ज्याच्या हातून घास घेतला त्यालाच निरोप! श्रीपाद कसंनुसं हसला, "बरं," म्हणाला. प्रमोदिनीबाई वसकन त्याच्या अंगावर आल्या, "एवढंही धड जमू नये का रे तुला?" चिंतामणरावांनी "दादा" अशी हाक मारली. दादा वळले, इतक्या मायेनं वळले, की चिंतामणरावांनी पिशवीत हात घातला. "मोसंबी देऊ?" त्यांनी विचारलं.

माघात दादा गेले. सकाळी पूजेच्या वेळी गेले, कुणालाही कळलं नाही. श्रीपाद नैवेद्य दाखवून बाहेर आला तर खाटेवर सारं शांत. मुलगा म्हणून अग्नी त्यानंच दिला. गावातले दोनचार लोक तिथेही कुजबुजले, की ह्याच्यामुळेच म्हातारा पडला. ते चिंतामणरावांनी ऐकलं. श्रीपादानंही ऐकलं असणार.

दहाव्याला तलावाकाठी पिंड ठेवला. कावळा शिवायला तयार नव्हता. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, कुणीतरी बोला. एकानं म्हटलं, "दादा, देवळाची पूजा चालू राहील." दुसऱ्यानं म्हटलं, "हंबीररावांना तुमचं सोनं पोचवू." कावळा लांब फांदीवर बसून राहिला. चिंतामणरावांच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण भोवती सगळा गोतावळा उभा. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि कार्य पुढे नेलं.

लोक पांगले. श्रीपाद पायरीवर ओलं धोतर पिळत होता. डोकं तासलेलं, मनगट वाकडं जुळलेलं, त्यामुळे पीळ नीट बसत नव्हता. चिंतामणराव त्याच्याजवळ गेले, धोतराचं दुसरं टोक धरलं, आणि मग एकदाचे बोलले. सगळं बोलले. प्रेसचं तेल, झाकणावरची अक्षरं, फुगलेली रबरं, चिंधी, दुसऱ्यात अडकलेला गियर. "फोनवर तू विचारलंस, आणि मीच नको म्हणालो. चूक माझी होती, श्रीपाद. पहिल्यापासून माझी. मला क्षमा कर."

श्रीपादानं त्यांच्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो रागावला नाही, फक्त फार दमलेला दिसला.

"भाऊजी, हे मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "गाडीत मीच होतो. पॅडल माझ्याच पायाखाली होतं."

धोतराचं टोक चिंतामणरावांच्या हातात तसंच राहिलं.

"दादांना सांगायचं होतंत," श्रीपाद म्हणाला. "होते की ते एवढे दिवस. एकदा तरी मला हाक मारली असती त्यांनी."